पत्रा, पाऊस आणि गणित
ध्वनी आणि पातळ कंपनशील रचना यांच्या संगणकीय अभ्यासाचा आढावा

जालना शहराचे नाव व्यापारी जगात आज ज्या दोन धंद्यांमुळे घेतले जाते, त्यांतील एक भंगार वितळवून बांधकामाची सळई काढणाऱ्या रोलिंग मिलचा आणि दुसरा, बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिकोची स्थापना केल्यापासून वाढीस लागलेला, बियाण्यांचा. हे दोन्ही धंदे स्वभावतः परस्परांहून कितीही भिन्न असले, तरी दोहोंच्या डोक्यावरचे छप्पर बहुधा एकाच जातीचे असते: लोखंडी कैच्यांवर आडव्या टाकलेल्या पर्लिनना हुकांनी अथवा स्क्रूंनी आवळलेला, अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीचा पन्हळी पत्रा. औद्योगिक वसाहतीतून निघून हाच पत्रा अंबड, घनसावंगी, भोकरदन, जाफराबाद या तालुक्यांतील शाळांच्या खोल्यांवर, आडत दुकानांवर आणि शेतांतल्या आखाड्यांवर जाऊन बसला आहे. आणि मृगाचा पहिला दमदार पाऊस त्यावर कोसळू लागला, की खाली चाललेले संभाषण, मग ते मास्तरांचे असो वा आडत्याचे, जागच्या जागी थांबते. या अगदी परिचित उपद्रवाच्या मुळाशी अभियांत्रिकीतील एक अवघड प्रश्न दडलेला आहे, आणि त्याची उकल करण्यासाठी गेल्या साठ वर्षांत संगणकीय साधनांची जी परंपरा उभी राहिली, तिचा आढावा जालन्याच्या पत्र्याखाली बसूनच घ्यावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्न थोडक्यात मांडावयाचा तर असा, की पातळ घन पदार्थ कंप पावला म्हणजे त्याला लागून असलेली हवा हलते आणि ध्वनी उत्पन्न होतो. परंतु ती हलणारी हवा त्या पदार्थावर उलट दाब टाकते, त्यामुळे त्याचे कंपन बदलते, आणि बदललेल्या कंपनाने पुन्हा हवेची चाल बदलते. जाड भिंतीच्या बाबतीत हा उलट दाब हिशेबात न धरला तरी चालते, कारण भिंतीच्या वजनापुढे हवेचे वजन नगण्य असते. पत्र्याचा मामला तसा नाही. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे चार किलो भरते, आणि त्या चौरस मीटरखाली साडेतीन मीटर उंचीचा जो हवेचा स्तंभ उभा असतो त्याचेही वजन तेवढेच, म्हणजे चार किलोच्या घरात, जाते. ज्या खोलीत छप्पर आणि हवा यांचे वजन असे जवळजवळ सारखे आहे, त्या खोलीत एकाचा विचार दुसऱ्यास वगळून करणारा हिशेब कच्चा ठरल्यास नवल नाही.

पातळ पत्र्याच्या कंपनाचा अभ्यास संगणकाहून पुष्कळ जुना. अर्न्स्ट क्लाडनी याने १७८७ साली धातूच्या पत्र्यावर वाळू भुरभुरवून, त्याच्या कडेवर धनुकली ओढून, वाळूच्या आकृत्या उमटवून दाखविल्या. त्या आकृत्यांनी नेपोलियनसारख्या युद्धखोर पुरुषाचेही कुतूहल चाळवले आणि त्यांची गणिती उपपत्ती देणाऱ्यास पारितोषिक जाहीर झाले, ते १८१६ साली सोफी जेर्मां या विदुषीने मिळविले. तिच्या मांडणीतील उणिवा दूर करून किर्खोफने १८५० साली पातळ पट्टाचा (प्लेटचा) सिद्धांत पक्का केला आणि १८७७–७८ मध्ये लॉर्ड रॅले यांच्या ध्वनिशास्त्रावरील ग्रंथाने या साऱ्या विद्येला शास्त्राची बैठक दिली. पट्टाला द्रव लागून असला म्हणजे काय होते, हा जोडकंपनाचा प्रश्न होरेस लॅम्ब यांनी १९२० साली पाण्याला टेकलेल्या वर्तुळाकार पट्टाच्या निमित्ताने सोडविला.

त्याच १९२० साली कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’ या नियतकालिकात भारतीय चर्मवाद्यांवर एक छोटेखानी निबंध प्रसिद्ध केला, हा योगायोग मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. साधी ताणलेली पुडी बेसूर वाजते, तिचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत येत नाहीत. परंतु मृदंगाच्या किंवा तबल्याच्या पुडीवर शाईचे थर चढविले, की ते उपस्वर पटीत येऊन बसतात, हे रामन यांनी दाखविले आणि १९३४ मध्ये त्याचा विस्तार केला. पुढे १९५४ साली बी. एस. रामकृष्ण आणि मनमोहन सोंधी यांनी शाईची पुडी ही दोन निराळ्या घनतांची संयुक्त पुडी मानून त्याचे गणित मांडले. समर्थ रामदासांच्या जन्मगावी, घनसावंगी तालुक्यातील जांब येथे, कीर्तनाला उभा राहणारा पखवाजिया डाव्या पुडीवर ओली कणीक थापून स्वर खाली आणतो, तेव्हा तोही वस्तुमान वाढविण्याचा आणि कंपन लवकर शमविण्याचा दुहेरी प्रयोगच करीत असतो; फक्त त्याच्या हिशेबाचे दप्तर कानात असते. पखवाजाच्या पोटात कोंडलेली हवा या जुन्या गणितांत बव्हंशी बाजूला ठेवलेली होती, आणि ती आत आणावयाची म्हणजे कागद-पेन्सिलीचे काम संपून यंत्राचे काम सुरू होते.

ते यंत्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने १९६० नंतरच्या दशकात तयार करविलेला नॅस्ट्रान हा फायनाइट एलिमेंट पद्धतीचा, म्हणजे रचनेचे लहान लहान घटक पाडून त्यांच्या जाळीवर हिशेब करणारा, कार्यक्रम प्रथम केवळ रचनांच्या बळाचा व कंपनाचा हिशेब करण्यासाठी होता. झिएन्किविक्झ आणि न्यूटन यांनी १९६९ साली घन रचना आणि तिला लागलेले प्रवाही माध्यम यांची समीकरणे एकाच सारणीत मांडण्याची रीत दिली, क्रॅग्ज यांनी १९७१ साली ती पट्ट आणि बंदिस्त हवेला लागू केली, आणि तेव्हापासून आजच्या अॅन्सिस, अबाकस, कॉम्सॉल, अॅक्ट्रान इत्यादी सर्व प्रचलित सॉफ्टवेअरांचा गाभा तत्त्वतः तोच राहिला आहे. पत्र्याचे लंबदिशेचे त्वरण हे हवेला दिलेले धक्क्याचे मूल्य, आणि हवेचा दाब हा पत्र्यावर आलेला भार, अशा दोन अटींनी दोन खाती परस्परांस जोडली जातात. या जोडणीतून निघणारी सारणी सममित राहत नाही, त्यामुळे हिशेब जड होतो. एव्हरस्टाइन यांनी १९८१ साली दाबाऐवजी वेगाचा विभव हे अज्ञात मूल्य धरून ती पुन्हा सममित करण्याची युक्ती सुचविली, आणि फ्रान्सच्या वीज मंडळाने तयार केलेल्या कोड-आस्टर या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये विस्थापन, दाब आणि विभव अशी तीनही मूल्ये एकत्र घेण्याची पद्धत स्वीकारली गेली. हा तपशील गणितज्ञांपुरता म्हणून सोडून देता येईल.

सोडून देता येणार नाही तो तपशील निराळाच, आणि नवशिक्या अभियंत्याची बहुतेक फसगत तेथेच होते. पातळ पत्रा संगणकात उभा करताना त्याला जाडी देत नाहीत. अर्ध्या मिलिमीटरच्या जाडीत घन घटकांची जाळी भरावयाची म्हटले तर सहा मीटर लांबीच्या छपरासाठी कोट्यवधी घटक लागतील. सबब पत्रा हा केवळ एक पृष्ठभाग मानतात आणि जाडी ही त्या पृष्ठभागाच्या नावावर नोंदलेली एक संख्या असते. परंतु पत्र्याच्या वर हवा आहे आणि खालीही हवा आहे. दोन्हीकडची हवा एकाच जाळीतून सलग काढली, तर पृष्ठभागावरील प्रत्येक बिंदूला दाबाचे एकच मूल्य मिळते, म्हणजे वरचा दाब आणि खालचा दाब समान ठरतो आणि ध्वनी पत्र्यातून असा आरपार जातो की जणू पत्रा तेथे नाहीच. याचा उपाय असा, की पत्र्याच्या पृष्ठभागावर हवेची जाळी चिरावी, प्रत्येक बिंदूला वरचा एक व खालचा एक असे दोन दाब द्यावेत, आणि त्या दोहोंतील फरक हाच पत्र्यावरचा भार म्हणून रुजू करावा. काही सॉफ्टवेअर ही चीर आपोआप देतात, काही मागितल्यावर देतात, आणि काही मागितल्यावरही पत्र्याच्या मोकळ्या कडेवर ती कशी मिटवावयाची हे वापरणाऱ्यावर सोपवितात. रंगीत चित्र मात्र तिन्ही प्रकारांत सारखेच देखणे निघते, आणि चित्राचा देखणेपणा हा हिशेबाचा दाखला नव्हे, हे ध्यानी न घेता सादर झालेले अहवाल काही थोडे नाहीत.

छपरावरची हवा अनंत आहे आणि संगणकाची स्मृती सान्त, ही दुसरी अडचण. तिच्यावर दोन मार्ग निघाले. एकात हवेच्या बाहेरील सीमेवर ध्वनी शोषून घेणारा कृत्रिम थर बसवितात; बेरांजे यांनी १९९४ साली विद्युत्चुंबकीय तरंगांसाठी काढलेली ही कल्पना ध्वनीलाही लागू पडली आणि आज तीच सर्वत्र रूढ आहे. दुसऱ्या मार्गात हवेची जाळी मुळीच न भरता केवळ पृष्ठभागावरच समीकरणे मांडतात. या सीमा-घटक पद्धतीत बंद वस्तूभोवतीचा ध्वनी मोजताना काही वारंवारतांवर खोटी उत्तरे येतात, हा दोष शेंक यांनी १९६८ साली आणि बर्टन व मिलर यांनी १९७१ साली दोन निरनिराळ्या उपायांनी दूर केला; पातळ पत्र्यासाठी मात्र दोन्ही बाजू एकमेकींवर येऊन बसत असल्याने समीकरणे कोलमडतात आणि दाबांतील फरक हेच अज्ञात मूल्य धरून त्यांची फेरमांडणी करावी लागते.

आता खर्चाचा हिशेब. हजार हर्ट्‌झला हवेतील ध्वनीची तरंगलांबी चौतीस सेंटिमीटर, तर अर्ध्या मिलिमीटर सपाट पत्र्यातील वाकण्याच्या तरंगाची लांबी अवघी सात सेंटिमीटर. एका तरंगात निदान सहा घटक असावेत, या रूढ नियमाने तीन मीटर रुंद व सहा मीटर लांब पत्र्यासाठी सुमारे सव्वा लाख घटक लागतात; आणि सहा मीटर लांब-रुंद व तीन मीटर उंच वर्गातील हवेसाठी सुमारे सहा लाख बिंदू. वारंवारता दुप्पट केली की पत्र्याचे घटक दुप्पट होतात, परंतु हवेचे आठपट. म्हणजे पातळ रचनेच्या प्रश्नात खरी खर्चिक बाब रचना नसून हवा आहे, हे जो जाणतो तोच आपल्या संगणकाचा आणि परवान्याच्या मुदतीचा उपयोग शहाणपणाने करतो.

आणि हा खर्च करूनही जे उत्तर मिळते ते कितपत विश्वसनीय? सपाट धरला तर अठरा चौरस मीटर पत्र्याला दर हर्ट्‌झला अकरा-बारा स्वाभाविक कंपने असतात. म्हणजे हजार ते अकराशे हर्ट्‌झच्या पट्ट्यात हजाराहून अधिक. पत्र्याच्या जाडीत एखाद्या टक्क्याचा फरक पडला, एखादा हूक ढिला असला, की ही सारी कंपने जागा बदलतात. जेथे प्रत्येक व्यक्तीची कैफियत ऐकणे अशक्य होते, तेथे खानेसुमारी करावी लागते. रिचर्ड लायन आणि गिडिऑन मैदानिक यांनी १९६२ च्या सुमारास नेमके हेच केले आणि एकेका कंपनाचा माग सोडून कंपनांच्या समूहात ऊर्जा किती साठते, किती वाहते व किती जिरते एवढाच जमाखर्च मांडला. ही सांख्यिकी ऊर्जा पद्धत उच्च वारंवारतांना आणि फायनाइट एलिमेंट पद्धत निम्न वारंवारतांना, अशी वाटणी आज सर्वमान्य आहे. पुण्याच्या एआरएआय या मोटार-संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी मोटारींच्या ध्वनिकंपनाचा जो अभ्यास चालतो, त्यात या दोन्ही पद्धतींचा आणि त्यांच्या मधल्या संकरित पद्धतींचा संबंध येतो. मधला पट्टा, जेथे कंपने मोजण्यास फार आणि सरासरीस थोडी, अजूनही वादग्रस्त मुलूख आहे.

पन्हळीमुळे जालन्याच्या पत्र्यात आणखी एक भानगड उत्पन्न होते. पत्र्यातील वाकण्याचा तरंग हवेतल्या ध्वनीच्या वेगाने धावू लागतो ती क्रांतिक वारंवारता. तिच्या खाली पत्रा ध्वनी कंजूषपणे सोडतो आणि तिच्या वर मुक्तहस्ते. अर्ध्या मिलिमीटर सपाट पत्र्याची ही वारंवारता सुमारे पंचवीस हजार हर्ट्‌झ, म्हणजे मनुष्याच्या श्रवणाच्या पलीकडची. परंतु त्याच पत्र्याला अठरा मिलिमीटर खोलीची पन्हळ दिली, की पन्हळीच्या दिशेने त्याचा ताठपणा सुमारे दोन हजार पटींनी वाढतो आणि त्या दिशेतील क्रांतिक वारंवारता पाचशे-सहाशे हर्ट्‌झपर्यंत खाली येते, म्हणजे थेट मनुष्याच्या बोलण्याच्या पट्ट्यात. पत्र्याला बळकटी यावी म्हणून केलेली ही योजना आवाजाच्या दृष्टीने त्याला अधिक वाचाळ करते. संगणकात प्रत्येक पन्हळ काढावी की सपाट पत्र्याला दोन दिशांना दोन निराळे ताठपणे द्यावेत, हा निर्णय येथे करावा लागतो. तरंगलांबी पन्हळीच्या अंतराहून पुरेशी मोठी असेतो दुसरा मार्ग बिनदिक्कत घ्यावा, पुढे नाही.

पावसाचेच उदाहरण घेऊ. छपरांच्या पर्जन्यध्वनीची प्रयोगशाळेत चाचणी घेण्यासाठी जे आंतरराष्ट्रीय मानक ठरले आहे, त्यात जोरदार पावसाचे प्रमाण ताशी ४० मिलिमीटर, थेंबाचा व्यास ५ मिलिमीटर आणि पडण्याचा वेग सेकंदाला ७ मीटर असे धरतात. हिशेब केला तर दर चौरस मीटरवर सेकंदाला सुमारे १७० थेंब पडतात आणि त्यांची गतिज ऊर्जा पाव वॅटच्या थोडी वर भरते. ताशी १५ मिलिमीटरच्या पावसात, लहान व संथ थेंबांमुळे, ती तिच्या आठव्या भागावर येते. एवढे थेंब एकेक करून कोणी संगणकात पाडीत नाही. प्रत्येक थेंबाचा आघात दुसऱ्याहून स्वतंत्र आहे असे मानून, आघाताच्या बलाचा सरासरी वर्णपट काढून, तो पत्र्यावर सर्वत्र विखुरलेला भार म्हणून देतात. बियाण्यांच्या कारखान्यातही हाच न्याय चालतो: एलिव्हेटरमधून उतरणारा मका किंवा ज्वारी पत्र्याच्या पन्हाळीतून हॉपरमध्ये पडताना जो खडखडाट होतो, तो कठीण दाण्यांचा पाऊसच, फरक इतकाच की थेंब फुटतो आणि दाणा उसळतो, त्यामुळे त्याचा आघात अधिक अल्पकाळ टिकतो आणि आवाज अधिक तार सप्तकात जातो. आठ तासांच्या पाळीत ९० डेसिबलची जी मर्यादा कारखान्यांच्या नियमांनी घालून दिली आहे, तिचा विचार करणाऱ्या व्यवस्थापकाने यंत्राच्या मोटारीकडे पाहण्याआधी या पन्हाळींकडे पाहावे.

आतापर्यंतचे सारे विवेचन समीकरणांचे झाले; परंतु उत्तर ठरते ते समीकरणात बाहेरून घालाव्या लागणाऱ्या दोन-तीन आकड्यांवर, आणि माझ्या मते या विषयातील खरे दारिद्र्य तेथेच आहे. पहिला आकडा अवमंदनाचा, म्हणजे पत्रा आपली कंपनऊर्जा किती लवकर गमावतो याचा. नुसत्या टांगलेल्या पोलादी पत्र्यात तो हजारांशाहूनही लहान असतो. तोच पत्रा पर्लिनवर आवळला, की सांध्यांतील घर्षणाने आणि तेथे दबणाऱ्या-सुटणाऱ्या हवेने तो दहापट किंवा त्याहूनही वाढतो. दहापट अवमंदन म्हणजे अनुनादाच्या ठिकाणी वीस डेसिबलचा फरक. आणि हा आकडा सॉफ्टवेअर काढून देत नाही, तो आपण त्याला द्यावयाचा असतो. दुसरी बाब कडांची: हुकाखाली डांबरी वॉशर असलेला पत्रा आणि रबरी वॉशरच्या स्क्रूने घट्ट बसविलेला पत्रा यांत संगणक स्वतःहून भेद करीत नाही. तिसरी बाब क्षुल्लक वाटते, पण बोलकी आहे. बहुतेक सॉफ्टवेअर हवेचे तापमान न सांगितल्यास २० अंश धरतात आणि ध्वनीचा वेग ३४३ मीटर. जालन्यात वैशाखात बाहेर चाळीस अंश आणि पत्र्याखाली त्याहून अधिक तापमान असते, तेथे तो वेग ३५५ च्या पुढे जातो आणि क्रांतिक वारंवारता सात टक्क्यांनी सरकते. थंड देशांत तयार झालेल्या साधनांची ही मुलखावेगळी गृहीतके मुकाट्याने मंजूर करण्याची सवय आपल्याकडे फार पसरली आहे.

मग या साधनांचा उपयोग काय? एकट्या पत्र्यातून बाहेरचा आवाज किती आत येईल एवढेच पाहावयाचे असेल तर काहीच नाही. वस्तुमानाच्या साध्या नियमाने पाचशे हर्ट्‌झला सुमारे एकोणीस डेसिबल एवढा अडथळा निघतो, आणि तो काढण्यास कागदाचा कोपरा पुरतो. उपयोग दिसतो तो उपायांची निवड करताना. समजा, वर्गाच्या पत्र्याखाली पाच सेंटिमीटर अंतरावर दुसरा पत्रा लावण्याची तजवीज कोणी केली. वजन दुप्पट झाले म्हणून आवाज घटेल अशी अपेक्षा असते. परंतु मधली कोंडलेली हवा दोन पत्र्यांमध्ये लवचीक दुव्यासारखी वागते आणि सुमारे १९० हर्ट्‌झला दोन्ही पत्रे परस्परांविरुद्ध नाचू लागतात. पुरुषी आवाजाच्या आणि यंत्रांच्या घरघरीच्या याच पट्ट्यात छप्पर पूर्वीपेक्षा वाईट ठरते. अंतर वीस सेंटिमीटर केले तर हा अनुनाद शंभर हर्ट्‌झच्या खाली जातो; मध्ये काचलोकर भरली तर तो बोथट होतो; आणि तीच काचलोकर वरच्या पत्र्याला खालून चिकटून दाबली तर पावसाचे आघात मुळातच लवकर शमतात. या तीन पर्यायांची तुलना, पर्लिनच्या वाटेने होणाऱ्या ध्वनीच्या गळतीसह, संगणक एका दुपारी करून देतो, आणि तीही सापेक्ष असल्याने अवमंदनाच्या आकड्यातील चूक तिला तितकीशी बाधत नाही. निरपेक्ष डेसिबल सांगणाऱ्या अहवालावर मी विश्वास ठेवणार नाही. दोन उपायांतील अधिक चांगला कोणता, एवढेच सांगणाऱ्या अहवालावर ठेवीन.

परवान्याच्या किमतीची सबब आता पूर्वीसारखी उरलेली नाही. कोड-आस्टर आणि फिनलंडचे एल्मर ही दोन्ही साधने विनामूल्य मिळतात आणि वर वर्णिलेला सव्वा लाख घटकांचा पत्रा आजचा साधा संगणक पेलतो. उणीव आहे ती मोजमापाची. मराठवाड्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी दरवर्षी संगणकावरील रंगीत चित्रांचे प्रकल्प मंजूर करताना निदान एक तुकडी स्थानिक पत्र्याच्या अवमंदनाची मोजदाद करण्यास लावावी: निरनिराळ्या जाडीचे, हुकाचे व स्क्रूचे, नवे व दहा पावसाळे खाल्लेले पत्रे, उन्हात आणि पावसात. त्यासाठी एक त्वरणमापक, एक ध्वनिमापक, एक हातोडी आणि रविवारी मोकळे असलेले एखाद्या शाळेचे छप्पर, एवढेच साहित्य लागते.